अर्धा दिवस उजनीवर

होडी तासाभरासाठी ठरवू नका, अर्ध्या दिवसासाठी ठरवा. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते आणि बहुतेकांना ते पटत नाही. त्यांचा बेत आधीच ठरलेला असतो: पुण्याहून पहाटे निघायचे, कुंभारगावच्या काठावर गाडी लावायची, होडीत बसून थेट थव्यापर्यंत जायचे, फोटो काढायचे, काठावर येऊन पोहे खायचे आणि दुपारच्या आत घरी. अशा फेरीत रोहित दिसतात, उजनी दिसत नाही. माझ्या मते पाहण्यासारखी आहे ती उजनी. रोहित तिच्याकडे आलेले पाहुणे आहेत.

मी बारामतीची. सगळी नोकरी मुलांना भूगोल शिकवण्यात गेली. आजोळ जुन्या पळसदेवचे, म्हणजे जे गाव आज पाण्याखाली आहे त्याचे. त्यामुळे या पाण्याकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही आणि तसे पाहायचेही नाही.

आधी हे पाणी नेमके कुठे आहे ते सांगते, कारण नावामुळे गोंधळ होतो. धरण उजनी गावाजवळ, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात. पण त्याने अडवलेली भीमा मागे पसरत पसरत इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांत आली. बारामतीहून भिगवणचा रस्ता तीस किलोमीटरच्या आतला. पुणे-सोलापूर महामार्गावरून इंदापूरकडे निघाले की डावीकडे उसाच्या फडांमागे हे पाणी मैलोन् मैल सोबत करते, आणि तरी महामार्गावरून जाणाऱ्या कित्येकांना ते दिसतही नाही. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि जलाशयाला यशवंतसागर नाव मिळाले. एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. कोयनेची १०५ आहे, म्हणजे साठ्याच्या हिशेबात उजनी कोयनेच्याही पुढे आहे.

या ११७ टीएमसीमध्ये एक गमतीची वाटणी आहे. त्यातले जवळपास ६४ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून धरतात आणि फक्त ५३ टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा. मृत म्हणजे वाया गेलेले नव्हे. ज्या पातळीपर्यंत पाणी कालव्यात आपोआप जाऊ शकते, तिच्याखाली उरलेले ते मृत. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे वीस टक्के’ अशी बातमी छापून येते आणि बाहेरगावच्या वाचकाला कोडे पडते, की शून्याखाली धरण कसे जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते काठोकाठ भरले.

हा चढ-उतार समजला की होडीतून दिसणारे सगळे समजू लागते. कोकणात समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी, मुंबईत तर एखाद्या अमावास्येला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वरखाली होते. उजनीला भरती वर्षातून एकदा येते. पुण्याच्या बाजूच्या घाटमाथ्यावर पाऊस झाला, वरची धरणे भरून सोडायला लागली, की ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी चढते. मग दिवाळीनंतर संथपणे उतरत जूनपर्यंत तळाला जाते. या लांबलचक ओहोटीत रोज थोडी थोडी ओली जमीन उघडी पडते. शेतकरी तिला गाळपेर म्हणतात, तिच्यात कलिंगड-काकडी लावतात, जनावरांसाठी मका पेरतात. आणि रोहितांना जे हवे असते ते याच जमिनीच्या पुढच्या कडेला मिळते: पोटरीभर पाणी आणि खाली चिखल.

म्हणूनच पाऊस लांबून धरण जास्त दिवस भरलेले राहिले, तर रोहित उशिरा येतात. पाणी खोल असले तर त्यांना उभे राहायलाच जागा नसते. लोक काठावर येऊन ‘यंदा पक्षीच नाहीत’ म्हणून हळहळतात. तेव्हा धरणाची टक्केवारी पाहून निघावे, एवढाच माझा सल्ला असतो.

आता होडी. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन्ही काठांवर मासेमारी करणारीच मंडळी हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन जातात. होडी फायबरची, बूड जवळजवळ सपाट, बसायला आडव्या फळ्या. मागे लहानसे इंजिन, आत एक लांब बांबू आणि वल्ही. आपल्याशिवाय दुसरे कोणी नको असेल तर तसे सांगून पूर्ण होडी घ्यावी आणि पूर्ण वेळेचा दर आधीच बोलून घ्यावा. घरची चार-पाच माणसे असली तर तो कुणालाच जड जात नाही. मी ज्यांच्या होडीत बसते ते नावाडी चाळिशीतले आहेत, मला बाई म्हणतात, मी त्यांना दादा म्हणते.

“किती येळ काढायचा बाई?” त्यांनी विचारले.

“उजाडल्यापासून दहापर्यंत. आणि दादा, पक्षी उडवायचे नाहीत.”

“मंग निवांत जाऊ. इंजन लांबच बंद करतो, म्होरं बांबूनं.”

पहिला अर्धा तास काहीच घडत नाही आणि तो अर्धा तास फार चांगला असतो. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुके असते, काठ नाहीसा होतो. नुसते आवाज येतात. कुठेतरी वारकरी पक्षी पाण्यावरून धावत उडतात तेव्हा त्यांचे पाय पाण्यावर आपटत गेल्याचे ऐकू येते. पांढऱ्या कपाळाचे, काळ्या अंगाचे हे पक्षी शेकड्यांनी असतात. धुके उठले की बदके दिसू लागतात: फावड्यासारख्या चोचीचे थापट्या, लांब शेपटीचे तलवार बदक, आणि जोडीने बसलेले विटकरी चक्रवाक. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब थोडे दूर, चिखलाच्या पट्टीवर चरत असतात. तिबेट, लडाख, मंगोलियाकडची ही हंसाच्या कुळातली पाखरे हिमालय ओलांडून येतात. तिथल्या विरळ हवेतून प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे रक्त त्यांना लाभलेले आहे. वर्गात हिमालयाची उंची शिकवताना मी मुलांना नेहमी पट्टकदंबांचे सांगायचे. ते कधी डोळ्यांनी न पाहिलेली मुले बारामतीत, एवढ्या जवळ राहत होती, याचे मला वाईट वाटायचे.

पाण्यात उभ्या असलेल्या वाळलेल्या बाभळींवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. काळा-पांढरा खंड्या एकाच जागी हवेत फडफडत थांबतो आणि सरळ खाली झेपावतो. एखाद्या खुंटावर मीनघार मासा फाडत बसलेली असते. चित्रबलाक हळूहळू पावले टाकत चिखल चाचपत असतात. त्यांची वीण भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर होते आणि ती पाहायची असेल तर वेगळा दिवस काढावा, या फेरीत कोंबू नये.

मग रोहित येतात. लांबून ती पाण्यावरची फिकट रेघ असते. दादा इंजिन बंद करतात, बांबू तळाला टेकवून होडी पुढे ढकलतात आणि ठरावीक अंतरावर बांबू रोवून थांबतात. आमच्याकडे येतो तो मोठा रोहित, उभा राहिला तर पाच-सहा वर्षांच्या मुलाइतका उंच. शिवडीला किंवा ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने दिसतो तो लहान रोहित, तो वेगळा. खाताना मोठा रोहित मान खाली सोडतो आणि डोके उलटे करून चोच चिखलात घालतो. चोचीच्या आत बारीक कंगोरे असतात. जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते, बाहेर टाकते आणि शेवाळ, अळ्या, बारीक जलजीव कंगोऱ्यांत अडकतात. गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. पिल्ले राखी असतात, रंग चढायला काही वर्षे लागतात. म्हणून थव्यात मळकट पांढरे रोहित दिसले तर ते आजारी समजू नयेत, ते या पाण्यावर वाढणारे तरुण पक्षी आहेत. घरटी मात्र इथे नाहीत. ती कच्छच्या रणात, चिखलाचे ठोकळे रचून केलेली.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. थवा उडताना पंखांखालचा लाल आणि काळा रंग उघडतो आणि तो फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी काही पाहुणे नावाड्याला जादा पैसे देऊ करतात, होडी थव्यात घालायला लावतात. हे करू नका. या पक्ष्यांना मार्च-एप्रिलनंतर लांबचा पल्ला गाठायचा असतो, त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते आणि ती साठते तासन् तास मान खाली घालून खाण्यातून. प्रत्येक उडवण्यात ते खाणे थांबते आणि साठवलेले खर्ची पडते. दिवसभर एकामागून एक होड्या येत असतील तर हिशेब किती उलटा जातो पाहा. अर्धा दिवस तुमच्या हाती असेल तर थवा स्वतःहून उडालेला दिसतोच. आकाशात घार फिरली, पाणी गार वाटले, त्यांचे त्यांना काही वाटले की ते उठतात. वाट पाहण्याची तयारी हवी, आणि तासाभराच्या होडीत तीच नसते.

रोहितांनीच मला एकदा फार लांबच्या पाण्याची ओळख करून दिली. माझी पुतणी जर्मनीत असते. तिच्याकडे गेले असताना ती मला इटलीच्या सार्डिनिया बेटावर घेऊन गेली. काल्यारी हे तिथले मुख्य शहर, भूमध्य समुद्रावर. तिने तिथे आमच्यापुरती शिडाची बोट ठरवली होती, चार तासांसाठी. एक कप्तान, आम्ही घरचे, बस. बंदराबाहेर पडल्यावर त्याने इंजिन बंद केले, शीड वर चढवले, आणि बोट एका बाजूला कलून चालू लागली तेव्हा फक्त पाणी कापल्याचा आवाज उरला. शहराच्या पूर्वेला एक पांढऱ्या चुनखडकाचे भूशिर आहे, सैतानाचे खोगीर या अर्थाचे नाव असलेले. त्याच्या आडोशाला एका लहानशा खाडीत त्याने नांगर टाकला. बाकीचे पोहले, मी पाय पाण्यात सोडून बसले. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच, वीत-दोन वीत. म्हणून अशा अरुंद खाडीत बोट तासभर उभी केली तरी पाणी खालून निघून जाण्याची धास्ती नसते. तिथली धास्ती वाऱ्याची. वायव्येकडून येणारा मिस्त्राल सुटला की कप्तान बेत बदलतो किंवा जायलाच नकार देतो, आणि त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.

परतताना डोक्यावरून पक्ष्यांची एक रांग गेली. लांब मान पुढे, लांब पाय मागे. मी पुतणीचा हात धरला. आमचेच रोहित! अगदी तीच जात. काल्यारीला शहराला लागून मोलेन्तार्जियुस नावाची जुनी मिठागरे आहेत. शहराचे सांडपाणी त्यांत येऊन १९८५ मध्ये तिथले मीठ काढणे बंद पडले. पुढे पाणी सुधारण्याची कामे झाली, १९९३ मध्ये रोहितांनी तिथे घरटी केली आणि १९९९ मध्ये तो सगळा भाग उद्यान म्हणून राखला गेला. आता लोकवस्तीच्या ऐन मध्यात हजारो रोहित राहतात, आणि संध्याकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरून जातात.

हे कळल्यावर मला त्या संध्याकाळी उजनीचीच आठवण येत राहिली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून भीमेत येते आणि दौंडवरून थेट उजनीत उतरते. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की त्याला हिरवट साय धरते, वास येतो, जलपर्णीचे गालिचे वाऱ्याबरोबर या काठावरून त्या काठाला जातात. नावाड्याचे वल्हे त्यात अडकते, जाळ्यात मासे कमी आणि जलपर्णी जास्त येते. हेच पाणी आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या स्नानासाठी सोडतात. सोलापूर शहर हेच पाणी पिते. महाराष्ट्रातल्या नांदूरमधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या पाणथळींना रामसर यादीत जागा मिळाली, त्याचा मला आनंद आहे. उजनीच्या या चिखलपट्ट्यांना तेवढ्याच काळजीने राखायला हवे. काल्यारीने जे केले ते पुणे विभागाला न झेपणारे नाही. पुण्यात नळाला येणारे पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, हे पुण्याच्या प्रत्येक मुलाने एकदा होडीत बसून पाहावे असे मला मनापासून वाटते.

शिडाची होडी मात्र मी उजनीवर पाहिलेली नाही. एवढे रुंद, मोकळे पाणी, दुपारी नेमाने सुटणारा वारा, आणि काठावर पोहण्यात तरबेज असलेली पोरे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तसे करणारे ते पहिले भारतीय. भीमाकाठच्या एखाद्या शाळेत शीड हाकायला शिकवले गेले तर किती छान होईल.

धुके विरले, ऊन तापले की मी दादांना पळसदेवकडे चला म्हणते. वाटेत सांभाळून जावे लागते. पाणी जसजसे मागे सरते तसतसे शेतकरी आपल्या मोटारी त्याच्यामागे नेतात, पाइप आणि केबल वाढवत जातात. कुठे चर खोदून पाणी मोटारीपर्यंत ओढलेले असते. तराफ्यावर ठेवलेल्या मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात आणि त्या कुठून गेल्या आहेत हे त्या काठच्याच माणसाला ठाऊक असते. बुडालेल्या भिंती, विहिरींची तोंडे, बाभळीचे खुंट, हेही त्यालाच ठाऊक. दादांचा जन्म धरणानंतरचा. पण त्यांच्या वडिलांनी त्यांना गावाचा नकाशा तोंडपाठ करून दिलेला आहे. बांबू टेकवून ते सांगतात, “हितं चावडी. त्या तिकडं कुंभारवाडा.” तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीच्या घराचे जोते येते आणि घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी.

पळसनाथाचे देऊळ काळ्या दगडाचे, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे. गाव उठले तेव्हा देव वरच्या नव्या गावात नेला, देऊळ जिथल्या तिथे राहिले. पाणी उतरू लागले की आधी शिखर दिसते. खूप उतरले, २०२४ सारखे, की सगळे देऊळ कोरडे पडते, भोवतीचे वीरगळ आणि सतीशिळा उघड्या होतात आणि चालत आत जाता येते. पलीकडच्या करमाळा तालुक्यात कुगावचा इनामदारांचा वाडाही असाच वर येतो. अशा वर्षी तिथे गर्दी होते. काही लोक दगडांवर नावे लिहितात, शिळांवर चढून फोटो काढतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षे पाण्याने जपलेले ते माणसांनी चार आठवड्यांत खराब करावे, हे मला सहन होत नाही. देऊळ बाहेर येते ते साल आमच्या तालुक्यासाठी दुष्काळाचे असते, एवढे तरी तिथे उभे राहताना लक्षात असावे. माझी आई देऊळ दिसले म्हणून हात जोडायची आणि लगेच पाऊस कधी येतो म्हणून आभाळाकडे बघायची.

डिकसळच्या बाजूने गेलात तर जुन्या रेल्वे पुलाचे दगडी खांब दिसतात. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली रेल्वे आधी डिकसळपर्यंतच येत होती, पुढे सोलापूरकडे गेली. धरणामुळे लोहमार्ग हलला, आणि जुना पूल करमाळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या कामी आला.

वाऱ्याचे आता सविस्तर सांगते, कारण ते जिवाशी निगडित आहे. सकाळी उजनी शांत असते. जमीन तापू लागली की वारा उठतो आणि तो पश्चिमेकडून आला तर पाण्याच्या लांबीभर त्याला अडवणारे काही नसते. वारा जितके लांब पाणी ओलांडून येईल तितकी लाट मोठी. आणि पाणी उथळ असेल तर लाट बुटकी पण उभी, एकामागून एक लागून येणारी. समुद्रातल्या मोठ्या लाटेवर होडी चढते आणि उतरते, उथळ पाण्यातल्या अशा लाटेत ती आपटते आणि काठावरून पाणी आत येते. एप्रिल-मेमध्ये याहून वाईट गोष्ट असते ती वळवाच्या ढगांची. मोठ्या ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीला टेकल्यावर चहूकडे पसरते. ढग अजून करमाळ्याच्या बाजूला आहे असे वाटत असतानाच तो वारा तुमच्यापर्यंत आलेला असतो, पावसाच्या थेंबाआधी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी होडी अशाच वादळात उलटली. सातजण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. सहाजण गेले, त्यांत लहान मुलेही होती. ती माणसे सहलीला निघालेली नव्हती. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो म्हणून दोन काठांची माणसे वर्षानुवर्षे असाच प्रवास करत आली. त्यानंतर शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली. तो लवकर व्हावा.

म्हणून काही गोष्टींत मी कुणाचे ऐकत नाही. लाइफ जॅकेट काठावरच घालायचे आणि त्याचे पट्टे आवळायचे, मांडीवर ठेवायचे नाही. होडीत उभे राहायचे नाही, एका बाजूला सगळ्यांनी झुकायचे नाही. दहा-साडेदहाला काठाला लागायचे. मार्चनंतर दुपारची फेरी घ्यायचीच नाही. आणि नावाड्याने ‘आज नको’ म्हटले तर पैशाचा आग्रह न करता भाकरी खाऊन घरी यायचे.

भाकरीचा विषय निघालाच आहे. काठावर बऱ्याच घरांतून सांगितल्यावर जेवण मिळते: बाजरीची भाकरी, ठेचा, पिठले, आणि मासे खाणाऱ्यांना रस्सा. भिगवणच्या मासळीचे नाव पुण्यापर्यंत आहे. मरळ, वाम, कटला, रोहू हे मासे मिळतात, पण आता सर्वांत जास्त दिसते ती चिलापी. मूळची आफ्रिकेतली, काटे कमी, तव्यावर छान लागते, आणि तिने इथल्या जुन्या माशांची जागा बरीच घेतली आहे. दादांचे दुःख दुसरेच असते. बारीक डोळ्यांची जाळी लावून बोटभर पिल्ले ओढणारे लोक त्यांना दिसतात. “पिल्लूच काढलं तर म्होरल्या साली काय धरायचं?” असे ते विचारतात. सोडलेले मत्स्यबीज वाढू दिले नाही तर जाळेही रिकामे आणि पाणकावळ्याचे पोटही रिकामे, हे त्यांच्याइतके कुणाला कळत नसेल. हिवाळ्यातले पाहुणे त्यांना मासेमारीच्या आटत्या उत्पन्नाला आधार देतात. मासे कमी आहेत म्हणून पक्ष्यांवर दात धरण्याऐवजी ही माणसे आज पक्ष्यांची राखण करतात, त्यात या आधाराचा वाटा मोठा आहे. त्यासाठीही होडी अर्ध्या दिवसाची घ्यावी आणि दरात घासाघीस करू नये.

निघायच्या आदल्या रात्री नावाड्याला फोन करून पाणी कुठवर उतरले आहे ते विचारा. जानेवारीत कुंभारगावसमोर असलेला थवा मार्चमध्ये चिखलाच्या कडेबरोबर बराच पुढे सरकलेला असतो, आणि त्या दिवशी होडी कुठल्या काठावरून काढायची हे तेच सांगू शकतात. दुर्बीण असेल तर घ्या, पांढरे आणि भडक कपडे टाळा, कानाला गुंडाळायला मफलर ठेवा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, ज्याचे गाव या पाण्याखाली गेले, तर त्यांना आधी होडीत बसवा, मागच्या फळीवर, नावाड्याशेजारी. नकाशात नसलेल्या वाड्या, विहिरी आणि वाटा ते दोघे मिळून सांगत राहतील. तुम्ही फक्त वही सोबत ठेवा.